आत्ताच बुक करू नका

"आत्ताच बुक करू नका," ती बाई म्हणाली. मला वाटलं, ऐकण्यात आपली काहीतरी गडबड झाली. डिसेंबर 2023 ची गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले होते, तिकडे सकाळचे साडेनऊ. पार्ल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरची वाफ जायची वाट बघत मी उभी होते आणि फोनच्या पलीकडे होती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकाला, ईगल रिव्हर नावाच्या गावातल्या एका मोटेलची मालकीण. मी विचारलं होतं इतकंच, की फेब्रुवारीत दोन खोल्या मिळतील का, स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटरगाड्या, उभ्या करायला जागा आहे का आणि ट्रेल, म्हणजे त्या गाड्यांची वाट, तुमच्यापासून किती लांब आहे. तिन्हींची उत्तरं तिने नीट दिली. खोल्या आहेत, जागा आहे, ट्रेल तर मागच्या अंगणालाच लागून जाते. मग जरा थांबून म्हणाली, तुम्ही एवढ्या लांबून येणार, तर आत्ताच बुक करू नका. दलदली अजून गोठलेल्या नाहीत, या हिवाळ्याची लक्षणं मला काही बरी दिसत नाहीत. जानेवारीच्या मध्यावर पुन्हा एकदा फोन करा. मी आभार मानून फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "तिच्याकडे खोल्या नसणार." तो म्हणाला, "आहेत म्हणाली ना?" मी म्हटलं, "म्हणून तर."

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये, बँकेत लंच टाइमला मी त्याच्यामागचं कारण शोधत राहिले. जानेवारीत भाव वाढवणार असेल. कुणी मोठा ग्रुप येणार असेल, त्यांना सगळ्या खोल्या द्यायच्या असतील. माझं बोलणं ऐकून ही लोकं नकोत असं वाटलं असेल, हेसुद्धा मनात येऊन गेलं. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला समोरचा आपण होऊन पैसे नाकारतो हे पचत नाही. इथे पैसे नाकारणारा एकच प्राणी मला ठाऊक आहे, तो म्हणजे रिक्षावाला. जुलैतल्या संध्याकाळी सांताक्रूझ स्टेशनबाहेर उभं राहून पश्चिमेला जायचं म्हटलं, की तो मीटरकडे न बघताच सांगतो, "मिलन सबवे भर गया है, नहीं जाएगा." चिडचिड होते, पण पावसाळ्यात त्याच्याइतकी ताजी बातमी कुठल्याच अ‍ॅपवर नसते. फरक इतकाच, की कोरड्या मे महिन्यातही तो येत नाही. त्यामुळे त्याचं नाही म्हणणं बातमी म्हणून घ्यायचं की स्वभाव म्हणून, हे ज्याने त्याने ठरवायचं.

मुळात हे स्नोमोबिलचं खूळ भाच्याचं. माझ्या बहिणीचा मुलगा, वाढला मुलुंडला, घामोळ्यांनी हैराण होत; आता मिलवॉकीला असतो आणि बर्फावरच्या त्या मोटरला घरच्या कुत्र्याचं नाव घ्यावं तितक्या सहज 'स्लेड' म्हणतो. "मावशी, तू आणि काका हिवाळ्यात या. सगळे उन्हाळ्यात येतात आणि मॉल बघून जातात," असं त्याने सांगितलं. व्हिसा होताच. तीन दिवसांचा बेत त्याने आखला: मिलवॉकीहून गाडीने चारेक तास उत्तरेला, मग मशिनं भाड्याने घेऊन जंगलातून, गोठलेल्या तळ्यांच्या कडेकडेने हिंडायचं, दुपारी वाटेवरच्या एखाद्या खाणावळीत गरम काहीतरी, रात्री मोटेल. खोल्यांचं मी बघते म्हटलं, कारण खोल्या बघणं हा माझा प्रांत. आपल्याकडे प्रवास ठरतो तो आरक्षणापासून. तेव्हा रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, आता 60 झालंय, पण गणपतीच्या कोकणगाड्या मिनिटांत भरतात त्या भरतातच. त्या सकाळी घरातला जो तो आपापल्या फोनवर बोट ठेवून बसलेला असतो. आधी तिकीट हातात घ्यायचं, जायचं की नाही ते मग ठरवायचं, हे आमच्या अंगात मुरलंय. अशा बाईला कुणीतरी सांगतं, थांब, आधी जमीन गोठू दे.

जमीन गोठण्याचं हे प्रकरण मला माहीतच नव्हतं. बर्फ पडला की गाडी सुरू, अशी माझी सरळ समजूत. भाच्याने मग तिथल्या ट्रेल-रिपोर्टांच्या लिंक पाठवायला सुरुवात केली आणि मला त्याचा नाद लागला. सकाळच्या चहाबरोबर मी ते वाचायचे, म्हणजे त्यांचा आदल्या संध्याकाळचा ताजा हवाल. तिथली पद्धत अशी, की ट्रेल उघडायला आधी कोरडी थंडी हवी आणि मागाहून बर्फ. वाट जंगलातून जाते तशीच दलदलीतूनही जाते आणि ती दलदल अंगभर गोठल्याशिवाय तिच्यावरून वाट तयार करणारा जड ट्रॅक्टर नेता येत नाही. क्रम उलटा झाला, म्हणजे पाणी गोठायच्या आधीच फूटभर बर्फ पडला, तर तो दलदलीवर गोधडीसारखा बसतो आणि खालचं पाणी थंडीपासून वाचवतो. मग बाहेर उणे पंधरा असो, आत चिखल तो चिखलच. बर्फ भरपूर आणि ट्रेल बंद, असंही असू शकतं. त्यातून हरणांच्या शिकारीचा मोसम असतो नोव्हेंबरच्या अखेरीस, तो संपेपर्यंत जंगलात कुणी यंत्रं घेऊन हिंडू नये. शेतातलं पीक निघालेलं हवं. हे सगळं जुळून आलं, की काउंटीवाले, म्हणजे तिथले जिल्ह्याचे अधिकारी, जाहीर करतात, अमुक दिवसापासून ट्रेल उघडी. आणि उघडी म्हणजे चांगली असं नाही. रिपोर्टात तळाशी एक शब्द असतो, 'पुअर', 'फेअर', 'गुड' असा. त्याच्यावर दोन ओळी कुणीतरी स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या असतात: वळणांवर माती दिसतेय, अमक्या पुलापाशी पाणी आहे, काल रात्री ग्रूम केलं पण दुपारच्या उन्हात पुन्हा उखडलं, शक्यतो घरीच थांबा.

ग्रूम करणं म्हणजे रात्री, थंडी वाढल्यावर आणि रहदारी थांबल्यावर, ट्रॅक्टरमागे लांबलचक पोलादी सांगाडा ओढत वाटेवरून जायचं. दिवसभर गाड्या जाऊन जे उंचवटे झालेले असतात ते तो कापतो, बर्फ घुसळतो आणि पुन्हा दाबून बसवतो. त्यानंतर काही तास कुणी त्यावरून गेलं नाही तर पहाटेपर्यंत वाट दगडासारखी घट्ट होते. हे करणारी बरीचशी माणसं स्थानिक क्लबांतली हौशी मंडळी. खर्चाचा मोठा भाग वाहनांच्या नोंदणीतून, ट्रेल पासच्या स्टिकरमधून आणि पेट्रोलवरच्या करातून येतो, पण शरद ऋतूत जंगलात जाऊन पाट्या ठोकणं, पडलेली झाडं तोडणं, हे फुकटच. विस्कॉन्सिनमध्ये अशा वाटा सगळ्या मिळून सुमारे 25,000 मैल आहेत. आणि ज्या गोष्टीने मी खरी चकित झाले ती ही, की त्यातला मोठा हिस्सा खासगी जमिनीतून जातो. कुणा शेतकऱ्याचं वावर, कुणाचं रान. क्लबवाले जाऊन परवानगी मागतात, तो देतो. कुणी तिथे पडून हातपाय मोडून घेतले तर जमीनमालकावर दावा लागत नाही असा त्यांचा कायदा आहे, म्हणून त्याचा हात थोडा सैल असेल. तरीही. एखादा टगा वाट सोडून शेतात शिरला, कुंपण तोडलं, तर पुढच्या वर्षी मालक नाही म्हणू शकतो आणि मैलोगणती रस्ता त्या एका नकाराने तुटतो. आमच्या सोसायटीत पाहुण्याची गाडी तासभर कुणाच्या जागेत लागली तर रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, खाली लाल अक्षरांत सूचना. मी सोसायटीच्या कमिटीवर होते तेव्हा असे फोटो मीही टाकलेत, आणि पुन्हा टाकेन, कारण पार्ल्यात जागा म्हणजे काय हे त्या शेतकऱ्याला कळणार नाही.

तर फेब्रुवारीचा बेत आम्ही पुढे ढकलला. पण रजा मंजूर झालेली होती आणि नवऱ्याच्या डोक्यात आता बर्फ शिरला होता.

आमच्या ओळखीतला एक टूरवाला आहे, त्याच्याकडे गेलो. काचेखाली सगळीकडे पांढरे डोंगर, लाल जॅकेटातली जोडपी. "जानेवारी? गुलमर्ग. डोळे मिटून." मी विचारलं, बर्फ असेल ना नक्की? "मॅडम, चिल्लई कलानमध्ये बर्फ नसेल तर कधी असेल? गॅरंटी." चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे काश्मीरच्या कडाक्याचे चाळीस दिवस, हे त्याने आम्हाला समजावून सांगितलं आणि तो शब्द ऐकूनच मला थंडी वाजली. परळला हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतात त्या तिबेटी बायकांकडून मी टोप्या, मोजे घेतले. बाहेर पंख्याशिवाय बसवत नव्हतं आणि मी गळ्यापर्यंत लोकर चढवून आरशासमोर उभी.

श्रीनगरहून निघालो. टंगमर्गला, जिथून पुढचा चढ सुरू होतो आणि एरवी टायरांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तिथे साखळीवाली पोरं उन्हात बसली होती. ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. वर पोचलो. साडेआठ हजार फुटांवरचं ते विस्तीर्ण कुरण, फोटोंत पांढरंशुभ्र दिसतं ते, संपूर्ण तपकिरी होतं. वाळलेलं गवत, मधूनमधून घोड्यांची लीद, देवदारांच्या सावलीत कुठेतरी मळकट पांढरे दोन पट्टे. स्लेजवाले स्लेज उभ्या टेकवून बसलेले. एका कडेला स्नो बाइक ओळीने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या. एका मुलाने ताडपत्री वर उचलली आणि म्हणाला, "बैठ के देख लो आंटी, पैसे नहीं लूंगा." मी बसले. उजव्या अंगठ्याने दाबायचा खटका, मुठींत गरम राहण्याची सोय, पायाखाली रुंद पट्टा. मशीन बंद. पेट्रोलचा आणि जुन्या रबराचा वास. समोर गवत. नवऱ्याने फोटो काढला, तो अजून कुणाला दाखवलेला नाही. मुलगा म्हणाला, नोव्हेंबरपासून आभाळाकडे बघतोय. पुढे म्हणाला, तुम्ही तर चार दिवसांनी जाल, आमचं उन्हाळ्यातलं पाणी पण हाच बर्फ आहे. आम्ही गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर अफरवटला, तेरा हजार फुटांच्या आसपास, जाऊन आलो. तिथे बर्फ होता, कडक आणि वाऱ्याने घासलेला, पण पायाखाली कचकचला एवढं खरं. मी वाकून हातात घेतला. सगळे घेतात.

जानेवारी 2024 मधलं ते भकास गुलमर्ग तुम्हीही बातम्यांत पाहिलं असेल. आम्ही परत आलो आणि महिनाअखेरीस तिथे धो धो बर्फ पडला. टूरवाल्याने फोटो पाठवले, सोबत दोन्ही हात जोडलेली खूण. नवरा भडकला. मला मात्र त्याच्यावर पुरतं रागावता येईना. भूमध्य समुद्राकडून निघालेली पश्चिमेची वादळं हिमालयापर्यंत पोचायची की नाहीत, हे त्या माणसाच्या काचेखाली ठरत नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मी त्याला विचारलंच असं होतं, की 'नक्की ना?' त्याच्या खुर्चीत बसून या प्रश्नाला 'सांगता येत नाही' असं उत्तर दिलं, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि तिथे नक्की ऐकून पैसे भरतं. गॅरंटी हा आमचाच हट्ट आहे. डॉक्टरांकडून, ज्योतिषाकडून, क्लासवाल्यांकडून, बिल्डरकडून आम्ही ती वसूल करून घेतो. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, की आम्हीच त्यांची टर उडवतो. मग कुणी कशाला कळवळून खरं सांगेल?

परत आल्यावर मी त्या मोटेलवालीला फोन केला. जायचं नव्हतंच, पण तिने जानेवारीच्या मध्यावर करा म्हटलं होतं आणि मला ते टाळवेना. तिने मला ओळखलं. "बरं झालं आला नाहीत," ती म्हणाली, "आमच्याकडे अजून काही नाही." मग सहज विचारावं तसं, तुमच्याकडे काय? मी सांगितलं, आम्ही हिमालयात जाऊन आलो, तिथेही नव्हता. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "हिमालयातसुद्धा?" तिच्या आवाजात सुटका होती असं मला वाटलं. आपल्यावरच काही कोप झालेला नाही, असं कळल्यासारखी. मागे कुठेतरी व्हॅक्यूम क्लीनर चालू होता. रिकाम्या खोल्यांत रोज व्हॅक्यूम का मारतात कोण जाणे.

तो हिवाळा तिकडे नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उबदार ठरला. तिथल्याच हेवर्ड गावाजवळची मोठी स्की शर्यत फेब्रुवारीत कृत्रिम बर्फाच्या 10 किलोमीटरच्या वर्तुळात गोल गोल फिरवून पार पाडावी लागली. बर्फाच्या आशेवर वर्षाची गणितं बसवणारी हॉटेलं, खाणावळी, पेट्रोलपंप बसले ते बसलेच. दुष्काळात देतात तशी स्वस्त कर्जं सरकारला जाहीर करावी लागली. म्हणजे ज्या डिसेंबरमध्ये तिने मला परत पाठवलं, त्या डिसेंबरमध्ये तिला माझ्या दोन खोल्यांच्या पैशांची किती गरज असेल याचा हिशेब मी आता करू शकते. भाचा म्हणतो, त्यात थोरपणा वगैरे काही नाही, मावशी. बर्फ नसला तरी पैसे परत मिळणार नाहीत, अशी पाटी तिकडे पुष्कळ ठिकाणी असते. पण तिच्याकडे तीच तीच माणसं वर्षानुवर्षं येतात, ती एकदा फसली की शेजारच्या मोटेलात जातील. धंद्याचं शहाणपण आहे ते. असेल. पण मी काही दरवर्षी येणाऱ्यांतली नव्हते. मुंबईहून एकदा येऊन जाणारी बाई, तिचं समाधान झालं काय आणि न झालं काय. भाच्याच्या उत्तराने माझं समाधान होत नाही आणि दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

ही तिकडचीच मिरास आहे असंही नाही. नवऱ्याचे मामा मालवणजवळ राहतात, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. जुलैत कुणी मुंबईहून फोन करून सुरमई मिळेल का विचारलं, तर मामा सरळ सांगतात, "आता येव नको गो, ताजे मासे गावचे नाय." जूनजुलैत मासेमारी बंद, मिळेल तो बर्फातला किंवा खाडीतला. नारळी पौर्णिमेनंतर या. हे ऐकून लोक दुसरीकडे जातात आणि तिथे ताज्याच्या भावात शिळी सुरमई खाऊन मामांना फोटो पाठवतात. मामींना याचा संताप येतो. "ह्यांच्या तोंडाक कुलूप घालूक व्हया," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्यात. मामींचंही बरोबर आहे. छपराची कौलं त्या खोल्यांच्या पैशांतून बदलायची असतात.

बर्फाचे आकडे वाचायची सवय मात्र लागली ती लागलीच. ईगल रिव्हरच्याही उत्तरेला, मिशिगन राज्याचा एक सुळका लेक सुपीरियरमध्ये घुसलाय, कीविनॉ नावाचा. गोठायला नाखूश असलेल्या त्या अफाट तळ्यावरून कोरडा थंड वारा येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. 1978-79 च्या हिवाळ्यात तिथे 390.4 इंच बर्फ पडला. रस्त्याच्या कडेला थर्मामीटरच्या आकाराची उंचच उंच पाटी उभारून त्यांनी तो आकडा मिरवलाय. साडेबत्तीस फूट. एका रविवारी मी कागद घेऊन बसले. दहा इंच बर्फ वितळवला की ढोबळमानाने इंचभर पाणी होतं. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत 26 जुलै 2005 ला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याचा बर्फ केला तर होतात 372 इंच, म्हणजे एकतीस फूट. त्यांचा इतिहासातला सगळ्यांत मोठा हिवाळा आणि आमची एक मंगळवारची दुपार. मी नवऱ्याला आकडे दाखवले. त्या रात्री तो अंधेरीपासून कमरेइतक्या पाण्यातून चालत आला होता, पहाटे पोचला होता. तो म्हणाला, "त्यांना निदान पाटी तरी आहे."

आणि त्या दिवशी कुणी म्हटलं नव्हतं, निघू नका.

मशीनची कुळकथाही याच मुलखातली निघाली, ईगल रिव्हरच्याच काउंटीत सेनर नावाचं छोटं गाव आहे तिथली. कार्ल इलायसन नावाचा माणूस तिथे दुकान चालवायचा. त्याच्या पायात जन्मापासून दोष होता. मित्र शिकारीला निघाले की बर्फातून त्यांच्याबरोबर त्याला चालवत नसे, तो मागे पडे. म्हणून दुकानामागच्या गॅरेजमध्ये त्याने 1924 मध्ये एका लांब घसरगाडीला होडीची छोटी मोटर, सायकलचे सुटे भाग आणि जुन्या फोर्ड गाडीतलं काही काही जोडून स्वतःच्या बळावर बर्फात पळणारी गाडी केली. 1927 ला पेटंट मिळालं. दहा वर्षांनी पलीकडे कॅनडात क्युबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए याने पेटंट घेतलेल्या, गाडीला बर्फावरून पुढे ढकलणाऱ्या पट्ट्याची गोष्ट याहून वाईट आहे. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फात बुडालेले, इस्पितळापर्यंत नेता आलं नाही. आज त्याच मशिनींवर हेल्मेट घालून लोक गंमत करायला जातात, आम्हीही जाणार आहोत. मला त्यात विसंगती दिसत नाही. मला आवडलं ते त्या मागे पडणाऱ्या दुकानदाराचं. ट्रेकला मी नेहमी सगळ्यांच्या शेवटी असते. राजमाचीच्या वाटेवर पुढचे लोक थांबून माझी वाट बघतात आणि मी पोचले की लगेच उठतात, मला विश्रांती मिळतच नाही. गॅरेज असतं तर मीही काहीतरी केलं असतं.

यंदा पुन्हा बेत आहे. भाच्याने कोर्स करून सेफ्टी सर्टिफिकेट घेतलं. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1985 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतं, त्याआधीच्यांना नाही. म्हणजे दहा हिवाळे तिथे काढलेल्या पोराला परीक्षा आणि ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त अफरवटला मुठीत धरून पाहिला त्या आम्हा दोघांना माफी. भाचा रोज व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी घेतो. समोरून गाड्या आल्या, की त्यांच्यातला पहिला हात वर करून बोटं दाखवतो, माझ्यामागे इतके आहेत. शेवटचा मूठ दाखवतो, आता कुणी नाही. अरुंद वळणावर ही बोटं नीट मोजली नाहीत तर टक्कर ठरलेली. मनगटाला एक दोरी बांधायची, तिचं दुसरं टोक मशीनला. आपण पडलो की ती निसटते आणि इंजिन बंद. रात्री ताशी 55 मैलांची मर्यादा, जी ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण मी मर्यादेच्या खाली किती राहता येतं एवढंच विचारणार होते. तळ्यावर जायचं तर निदान पाच ते सात इंच चांगला कठीण बर्फ हवा, आणि तो सगळीकडे सारखा जाड नसतो. "आपण तळ्यावर जायचं नाही," मी सांगून टाकलं. नवरा म्हणाला, बघू.

खोल्यांवरून घरात दोन तट आहेत. नवऱ्याने दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात दोन खोल्या अ‍ॅपवरून घेऊन टाकल्या. आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतात. त्याची प्रिंट त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टांबरोबर ठेवलीय, आणि अधूनमधून काढून बघतो. तिथून ट्रेल अर्ध्या तासावर आहे, मशिनं ट्रेलरवर चढवून रोज न्यावी लागतील, हे त्याला चालतं. मी त्या मोटेलला फोन केला. तिनेच उचलला. यंदा थंडी वेळेवर आलीय, म्हणाली, पण अजून लवकर आहे, जानेवारीच्या मध्यावर करा. मी बरं म्हटलं. कुठे काही लिहून घेतलं नाही, तिनेही नाही. नवऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. तो म्हणतो, ती खोल्या दुसऱ्याला देऊन बसेल आणि तू तिच्या खरेपणाचं कौतुक करत हायवेवरून अर्धा तास कुडकुडत जाशील. शक्य आहे. त्याचं बुकिंग रद्द करू नकोस, हेही मीच त्याला सांगितलंय.

कपड्यांची खरेदी सुरू झालीय. गुलमर्गचं सामान भाच्याने व्हिडिओवर पाहिलं आणि हसला. उणे वीसला वारं अंगावर घेत बसायचं तर लोकरी टोपीने काही होत नाही, हेल्मेटच्या आत वेगळी, बुटांच्या आत वेगळे, सगळं तिकडेच भाड्याने घेऊ म्हणाला. आता प्रश्न उरलाय मशिनींचा. भाड्याचा आगाऊ भरणा करायचा म्हणून त्याने परवा विचारलं, दोन घ्यायच्या की तीन. नवरा म्हणाला, दोन पुरे, मावशी माझ्यामागे बसेल.

मी तीन सांगितल्यात.